कमोड बदलायचाय? आधी टेप लावा, मग दुकानात जा

सोलापुरात फ्लश निवडताना शोरूममधलं प्रात्यक्षिक फारसं कामाचं नाही. तिथे पंपाचं दाबाचं पाणी असतं. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. घरातलं पाणी म्हणजे हौदात आणि छतावरच्या टाकीत साठवलेलं तेवढंच. त्यात उन्हाळ्यात बोअरचं क्षारयुक्त पाणी मिसळलं, की भारीतला भारी फ्लशही वर्षभरात गळायला लागतो. म्हणून इथे कमोड निवडायची कसोटी तीन प्रश्नांची: कमी पाण्यात साफ होतो का, नळ नसताना बादलीने चालतो का, आणि बिघडला तर सुटे भाग गावात मिळतात का. रंग, आकार आणि झाकण हळू मिटतं की नाही, हे सगळं त्यानंतर.

पाण्याचा हिशेब

पाच माणसांचं घर धरा. प्रत्येकजण दिवसातून एकदा पूर्ण फ्लश आणि चारदा अर्धा फ्लश वापरतो, म्हणजे एकूण पंचवीस वेळा. जुनी दहा लिटरची एकाच मापाची टाकी असेल तर रोजचे २५० लिटर झाले. सहा आणि तीन लिटरची दोन बटणांची टाकी असेल तर पाच वेळा सहा म्हणजे ३० आणि वीस वेळा तीन म्हणजे ६०, एकूण ९०. नळ पुन्हा येईपर्यंत चार दिवस काढायचे असतील तर एकीकडे हजार लिटर, दुसरीकडे ३६०. हजार लिटरची एक अख्खी टाकी फक्त संडासात ओतायची की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि त्यातले ४५ फ्लशचे असतात. जुनी टाकी माणशी ५० घेते, म्हणजे जवळजवळ नियमाइतकंच, पण आपल्या नळाला तो नियम परवडत नाही.

मग फक्त टाकी बदलून भागेल का? बहुतेकदा नाही, आणि इथेच पैसे वाया जातात. दहा लिटरसाठी घडवलेल्या जुन्या भांड्याला सहा लिटरची टाकी जोडली तर मळ पुढे ढकलला जात नाही. माणूस दोनदा बटण दाबतो आणि बारा लिटर जातात. जुन्या टाकीत पाण्याची बाटली ठेवून बचत करायचा उपायही याच कारणाने फसतो. भांडं आणि टाकी जोडीने बनवलेली असतात, ती जोडीनेच घ्या.

फ्लशचे प्रकार: कोण ढकलतो, कोण ओढतो

*वॉशडाउन.* भारतात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. टाकीतलं पाणी वेगाने खाली येतं आणि मळाला ढकलून ट्रॅपच्या, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वळणाच्या, पलीकडे टाकतं. आतली वाट साधारण ९० ते १०० मिलिमीटर रुंद, म्हणून तुंबण्याची भीती कमी. तोटा एकच: भांड्यात साठणाऱ्या पाण्याचा पृष्ठभाग लहान असल्याने बाजूला डाग लागतो आणि ब्रश फिरवावा लागतो. पण नळ नसताना अर्धी बादली, म्हणजे सात-आठ लिटर पाणी कंबरेच्या उंचीवरून एका झटक्यात ओतलं की काम होतं. सोलापूरसाठी आमचा कौल याच प्रकाराला.

*रिमलेस.* हा वॉशडाउनचाच धाकटा भाऊ. भांड्याच्या काठाखालची पोकळ कड काढून टाकलेली असते आणि पाणी मागच्या तोंडातून दोन्ही बाजूंनी फिरतं. आपल्याकडे याचा मोठा फायदा क्षारांचा आहे. जुन्या भांड्यात कडेखालची भोकं पांढऱ्या थराने बुजतात आणि फ्लश एका अंगाने येतो. इथे बुजायला भोकंच नाहीत. पण घेण्याआधी पाणी बाहेर उडतं का ते पाहा. स्वस्त नमुन्यांत पुढच्या काठावरून शिंतोडे येतात.

*सायफनिक.* इथे पाणी ढकलत नाही, ओढतं. ट्रॅपची वाट वळणदार आणि अरुंद असते, बहुधा पन्नास-पंचावन्न मिलिमीटर. ती पूर्ण पाण्याने भरली की सायफन तयार होतो, भांड्यातलं सगळं खेचलं जातं आणि शेवटी गुरगुर आवाज येतो. सायफन जेटमध्ये तळाशी एक भोक असतं. तिथून धार सोडून सायफन लवकर सुरू करतात. स्वच्छता उत्तम, पाण्याचा पृष्ठभाग मोठा, वास कमी. पण बादलीने हळूहळू पाणी ओतलं तर वाट कधीच पूर्ण भरत नाही. पाणी नुसतं ओसंडून पुढे जातं आणि मळ जागेवर राहतो. शिवाय सॅनिटरी पॅड किंवा साबणाचा तुकडा पडला तर अरुंद वाटेत अडकतोच. नळाची खात्री असलेल्या बंगल्यात हा चालेल, पण पूर्व भागातल्या जोडघरात किंवा पत्र्यावर पाचशे लिटरची टाकी असलेल्या घरात नको.

*टॉर्नेडो किंवा सायक्लोन.* कंपन्यांची नावं वेगळी, कल्पना एकच: दोन-तीन तोंडांतून तिरपं पाणी सोडून भांड्यात भोवरा करायचा. भोवऱ्यामुळे बाजू छान धुतल्या जातात. पण आतला ट्रॅप वॉशडाउनचा आहे की सायफनचा, हे दुकानदाराला विचारल्याशिवाय कळत नाही. भोवऱ्याला भुलू नका, ट्रॅप बघा.

*फ्लश व्हॉल्व्ह.* याला टाकी नसते. भिंतीतल्या व्हॉल्व्हचं बटण दाबलं की गच्चीवरच्या टाकीतून थेट पाणी येतं. त्यासाठी ३२ किंवा ४० मिलिमीटरची स्वतंत्र लाइन आणि पुरेशी उंची लागते. वरच्या मजल्यावर, जिथे टाकी डोक्यावर जेमतेम चार-पाच फूट असते, तिथे हा हमखास मरगळतो. त्याहून वाईट म्हणजे पाण्याला माप नाही. लहान मुलाने बटण धरून ठेवलं, किंवा क्षाराने व्हॉल्व्ह अडकला, तर टाकी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. चार दिवस पाणी साठवून ठेवणाऱ्या घरात माप नसलेला फ्लश बसवू नये, हे आमचं स्पष्ट मत.

*दाबाच्या हवेचा फ्लश.* टाकीच्या आत बंद डबा असतो, त्यात पाण्याच्या दाबाने हवा दाबली जाते. अमेरिकेत मिळतो, लाइनला दीड बारच्या आसपास दाब हवा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा मीटर खाली आलं तर कुठे एक बार दाब होतो. एका मजल्याच्या घरात तो विषयच नाही.

यावरून एक गैरसमज निघतो, तोही दूर करू. “आमची टाकी उंचावर नाही, म्हणून फ्लशला जोर नाही” असं पुष्कळ जण म्हणतात. टाकीवाल्या कमोडचा जोर गच्चीवरच्या टाकीवर मुळीच ठरत नाही. फ्लशचं पाणी कमोडच्या स्वतःच्या टाकीतून पडतं. गच्चीवरून येणारं पाणी फक्त ती टाकी परत भरतं. गच्चीची टाकी बुटकी असेल तर भरायला वेळ लागेल, एवढंच. मात्र तशा घरासाठी कमी दाबावर चालणारा भरणी व्हॉल्व्ह मागून घ्या. पाच फूट उंचीला जेमतेम ०.१५ बार दाब मिळतो आणि काही नवे व्हॉल्व्ह त्यात नीट उघडतच नाहीत.

दोन बटणांचा फ्लश ही ऑस्ट्रेलियाची देणगी. तिथल्या कारोमा कंपनीने १९८० च्या सुमारास तो बाजारात आणला, तेव्हा त्याची मापं अकरा आणि साडेपाच लिटर होती. म्हणजे तेव्हाचा अर्धा फ्लश आजच्या पूर्ण फ्लशच्या जवळपास होता!

मापं घ्या

पहिलं माप आउटलेटचं. कमोडचं तोंड जमिनीत जातं की भिंतीत? जमिनीत जात असेल तर एस ट्रॅप, भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅपसाठी भिंतीच्या टाइलपासून (प्लास्टरपासून नव्हे) जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाजारात मुख्यतः १००, २२५ आणि ३०० मिलिमीटर, म्हणजे चार, नऊ आणि बारा इंचांचे नमुने मिळतात. सायफनिक कमोड बहुधा एस ट्रॅपचेच येतात. पी ट्रॅपसाठी तयार फरशीपासून भिंतीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. ती साधारण १८० ते १८५ मिलिमीटर असते. नंतर फरशीवर फरशी टाकणार असाल तर तिची जाडी या उंचीतून वजा होते, आणि इथे पुष्कळ जण चुकतात.

अंतर जुळत नसेल तर “ऑफसेट कनेक्टर लावून बसवतो” असं प्लंबर म्हणेल. बसतो, पण वाट वाकडी आणि अरुंद होते. अंतराचा योग्य नमुना मागवायला चार दिवस लागले तरी तोच घ्या.

दुसरं माप जागेचं. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतीपर्यंत किमान पंधरा इंच आणि पुढे दोन फूट मोकळे हवेत. दार आत उघडत असेल तर ते कमोडला लागतं का, हे जमिनीवर खडूने काढून बघा. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर सीटची उंची फरशीपासून सोळा ते सतरा इंच ठेवा आणि बाजूच्या भिंतीत पकडायला दांडी बसवा.

तिसरी गोष्ट पाइपचा उतार. ती कोणी मोजत नाही आणि नंतर दोष कमोडला देतात. कमोडपासून चेंबरपर्यंत चार इंची पाइपला दर चाळीस ते साठ फुटांमागे एक फूट उतार हवा. चेंबर वीस फुटांवर असेल तर चार ते सहा इंच. जुन्या पेठांमधल्या घरांत चिनीमातीचे पाइप खचून सपाट झालेले असतात. दहा लिटरच्या फ्लशने ते कसेबसे वाहत होते. तिथे साडेचार लिटरचा नवा कमोड बसवला तर मळ पाइपमध्येच थांबेल. चेंबरचं झाकण काढा, आतून एक बादली पाणी एका दमात ओता आणि ते चेंबरला किती जोरात पोचतं ते पाहा. रेंगाळत येत असेल तर आधी पाइप दुरुस्त करा, किंवा सहा लिटरच्या खाली जाऊ नका.

नहाणीच्या ट्रॅपमधून फ्लशबरोबर बुडबुड आवाज आणि वास येत असेल तर हवेचा पाइप नाही किंवा बुजला आहे. नवा कमोड त्यावर उपाय नाही.

भारतीय भांडं काढून कमोड बसवताना

भारतीय पद्धतीच्या भांड्याखाली फरशीच्या आत वेगळा ट्रॅप असतो. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतोच. फरशीखालचा जुना ट्रॅप तसाच ठेवून वर कमोड बसवला, की एकापाठोपाठ दोन ट्रॅप होतात. दोघांच्या मध्ये हवा अडकते, पाणी हळू उतरतं आणि महिन्याभरात तुंबतं. गवंडी “तोडफोड वाचली” म्हणून खूश, आपण मग आयुष्यभर पंप मारत बसतो. फरशी फोडून जुना ट्रॅप काढायचाच, सरळ ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वर आणायचा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं आणि मगच टाइल.

भिंतीला टांगलेला कमोड हवा असेल तर भिंत पाहा. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर नुसते बोल्ट ठोकून चालत नाही. जमिनीवर पाय टेकणारी लोखंडी चौकट लागते. बोल्टांमधलं अंतर १८० किंवा २३० मिलिमीटर असतं, चौकटीचं आणि भांड्याचं ते एकच हवं. जुन्या काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंतीत टाकी लपवायला खोदकाम करण्यापेक्षा भिंतीपुढे चौकट उभी करून वर टाइल लावलेली बरी. लपवलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह बटणाच्या पट्टीतून हाताने निघतो का, हे दुकानातच काढून दाखवायला सांगा. क्षाराच्या पाण्यात तो दोन-तीन वर्षांत काढावाच लागतो.

दुकानात

भांड्यावर आयएस २५५६ आणि आयएसआय खूण पाहा. प्लास्टिकच्या टाकीवर आयएस ७२३१. भांड्यावर नाणं वाजवा: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. सपाट फरशीवर ठेवून हलवा. डुगडुगणारं भांडं कितीही स्वस्त असलं तरी नको. मग बोट ट्रॅपच्या आत जितकं जाईल तितकं घालून फिरवा. आतपर्यंत गुळगुळीत चमक हवी. खरबरीत लागलं तर तिथे मळ आणि क्षार दोन्ही धरतात.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: भरणी व्हॉल्व्ह, टाकीच्या तळाचा फ्लश व्हॉल्व्ह (वरचा बिनटाकीचा प्रकार नव्हे) आणि त्याचा रबरी वायसर सुटा मिळतो का? दुकानदाराने काउंटरवर ठेवून दाखवला तरच “हो” समजा. सीटचा आकार फार वेगळा असेल तर बिजागरी तुटल्यावर अख्खी सीट त्याच कंपनीकडून मागवावी लागते, हेही लक्षात असू द्या.

बसवणं

सामान: ११० मिलिमीटरचा पॅन कनेक्टर (कमोडचं तोंड पाइपला जोडणारा) रबरी रिंगसह, कमोड फरशीला आवळायचे दोन रॅक बोल्ट प्लास्टिकच्या वायसरसह, अर्धा इंची अँगल कॉक (कमोडच्या टाकीचं पाणी बंद-चालू करणारा), १८ किंवा २४ इंची कनेक्शन पाइप, टेफ्लॉन टेप, बुरशीरोधक सिलिकॉनची एक नळी.

अँगल कॉक बंद करा, फ्लश मारून टाकी रिकामी करा, ट्रॅपमधलं पाणी मगाने उपसा. जुना कमोड सिमेंटात बसवला असेल तर पायाभोवती छिन्नीने हळू खाच पाडा. जोरात हाणाल तर भांडं फुटेल आणि तुकडे पाइपमध्ये पडतील. कमोड उचलताक्षणी पाइपच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा. त्याला बाहेर लोंबणारी दोरी बांधा, नाहीतर तोच बोळा आत जातो.

पाइपचं तोंड साफ करून नवा कमोड आधी कोरडाच ठेवून बघा. तो समपातळीत आहे का, कनेक्टर सरळ बसतोय का, भिंत आणि टाकीत फट किती, हे पाहून बोल्टच्या जागी पेन्सिलने खूण करा. टाइलवर भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा आणि टाइल पार झाल्यावरच सुरू करा. भोक अडीच इंचांपेक्षा खोल नको. खाली वॉटरप्रूफिंग किंवा पाइप असू शकतो. कनेक्टरच्या रबराला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली की चिनीमाती तडकते.

पायाभोवती पांढऱ्या सिमेंटऐवजी सिलिकॉन लावा. सिमेंटात पक्का बांधलेला कमोड पुढच्या वेळी फोडूनच काढावा लागतो. मागच्या बाजूला दोन इंच जागा सिलिकॉनशिवाय सोडा. आतून गळती झाली तर पाणी तिथून दिसतं; चारी बाजूंनी बंद केलं तर ते फरशीखाली मुरतं आणि खालच्या घराच्या छतावर दिसतं. सिलिकॉनला चोवीस तास द्या.

मग दहा फ्लश मारा. प्रत्येक वेळी कनेक्टरभोवती टिश्यू पेपर फिरवून बघा. टाकीच्या आतली बारीक नळी ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी भांड्यात सोडणाऱ्या) नळीत अडकवलेली आहे ना, तेही पाहा. सायफनिक कमोडमध्ये ती निसटली तर भांड्यात पुरेसं पाणी परत येत नाही आणि वास सुरू होतो.

गळती आणि क्षार

आवाज न करता होणारी गळती सर्वांत महागात पडते. अँगल कॉक बंद करा, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा आणि तासाने पाहा. टाकी आतून ४० बाय १५ सेंटिमीटर असेल आणि पातळी एकच सेंटिमीटर उतरली असेल, तर तासाला ०.६ लिटर, दिवसाला साडेचौदा लिटरच्या आसपास, चार दिवसांत अठ्ठावन्न लिटर गेले. पातळी उतरली तर दोष फ्लश व्हॉल्व्हच्या वायसरमध्ये. ती जागची हलली नाही, पण कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातं, तर दोष भरणी व्हॉल्व्हमध्ये, किंवा तरंगता फुगा फार वर बसवलाय.

वायसर बदलण्याआधी तो धुऊन बघा. बऱ्याचदा त्याच्या कडेला क्षाराचा खडा अडकलेला असतो. भरणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते. टाकी भरायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की तीच बुजलेली असते. लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून जाळी आणि वायसर तासभर बुडवा, मऊ ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे दर तीन महिन्यांनी करावं. तीव्र अ‍ॅसिड टाकीत कधीच ओतू नका. त्याने रबर आणि व्हॉल्व्हचे धातूचे भाग खराब होतात, आणि घराला सेप्टिक टाकी असेल तर मळ कुजवणारे जिवाणूही मरतात. अ‍ॅसिडचा क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो जिवावर बेततो. म्हणून एका दिवशी एकच.

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला नवं घर बांधत असाल तर फ्लशची लाइन आत्ताच वेगळी काढून घ्या. गच्चीवर छोटी स्वतंत्र टाकी, तिच्यात बोअरचं पाणी आणि कमोडच्या अँगल कॉकच्या आधी उघडून धुता येणारा गाळणी फिल्टर. नळाचं गोडं पाणी स्वयंपाकाला आणि अंघोळीला उरतं. या लाइनचं आणि पिण्याच्या लाइनचं कुठेही जोडकाम नको, मध्ये व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नको. पाइपला वेगळा रंग मारून ठेवा. पाच वर्षांनी येणाऱ्या प्लंबरला भिंतीतलं काही दिसत नाही.